धार कुणाची?

आमच्या इंदुरात लोहारपट्टीत एक वयस्क कारागीर आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जुनी कानस घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि तिचा वस्तरा करून मागितला. हल्ली वस्तरा कुणाला लागतो? केशकर्तनालयांतून पाते बदलायची मूठ येऊनही बरीच वर्षे झाली. पण कानस वडिलांच्या हत्यारपेटीतली होती, टाकवत नव्हती. शिवाय हाताने केलेली वस्तू घडताना पाहण्याची मला लहानपणापासून हौस.

तीन दिवस मी भट्टीपाशी बसलो. कानशीचे पोलाद जात्याच कडक. ते लाल तापवून त्याने रात्रभर राखेत पुरून ठेवले, तेव्हा कुठे ते घासण्याजोगे नरम झाले. आकार आल्यावर पुन्हा लाल करून तेलात बुडवले. आता ते काचेसारखे कठीण, पण काचेसारखेच ठिसूळ. हातून पडले तर तुकडे व्हायचे! म्हणून मंद आचेवर, गव्हाच्या काडीचा पिवळा रंग चढेपर्यंत ते शेकले. पोलादाला पाणी द्यायचे ते असे. मग दोन्ही अंगे चाकावर खोलगट काढली, पाठ मात्र जाड ठेवली. मी कारण विचारले. तो म्हणाला, “सर, पीठ और धार दोनों एक साथ पत्थर पर टिकती हैं. पीठ सही, तो धार सही.”

शेवटी वस्तरा चामड्यावर फिरवून त्याने मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शाने उडवून दाखवले आणि विडी पेटवत सहज म्हणाला, “अब इससे कोई क्या करे, वो जाने. अपना काम धार लगाना.”

हे वाक्य माझ्याबरोबर घरी आले. हत्याराला पाप-पुण्य नसते, हे आपणही म्हणतोच. पण मला माझी आजी आठवली. ती बाविसाव्या वर्षी विधवा झाली. मी पाहिली ती लाल आलवणातलीच. दर पंधरवड्याला मागल्या दाराने एक म्हातारे नाभिक येत आणि आजी अंगणाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसे. “दुखतं का गं?” असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “नाही रे. वस्तरा चांगला आहे त्यांचा. कळतसुद्धा नाही.”

वस्तऱ्याची याहून मोठी प्रशंसा कोणती? आणि याहून भयंकर साक्ष तरी कोणती? कारागिराने आपले काम चोख केले होते, नाभिकाने आपले. एका बाईचे माणूसपण दर पंधरा दिवसांनी हिरावले जात होते आणि ते कुणालाच दुखत नव्हते.

तरी याच हातांनी एकदा नकार दिला होता. 1890 साली मुंबईत, सत्यशोधक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही, असे तिथे ठरले. हातावर पोट असलेली ही माणसे. गिऱ्हाईक सोडणे त्यांना परवडणारे नव्हते. ‘अपना काम धार लगाना’ म्हणून तीही गप्प बसू शकली असती.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या आजीसमोर वस्तरा आलाच. मग तो नकार वाया गेला का? मला तसे वाटत नाही. ‘माझ्या हातात काय आहे?’ ही सबब त्या दिवसापासून खोटी ठरली. ज्याच्या हाती फक्त वस्तरा होता, तो नाही म्हणाला. मग ज्यांच्या हाती घर होते, पोथी होती, पदवी होती, त्यांचे काय? आमच्या घरात शिकलेली माणसे होती. वस्तरा आपल्या पायांनी आला नाही. तो आम्ही बोलावला. म्हणून दोषाची वाटणी करायची झाली, तर कारागिराच्या वाट्याला थोडा, नाभिकाच्या वाट्याला त्याहून थोडा अधिक आणि सर्वांत मोठा वाटा आमच्या दिवाणखान्याचा.

शाळेत आम्हीही धारच लावतो. पुढे कोण कुठे पोचेल, हे ‘वो जाने’ म्हणून मोकळे होतो. निकाल लागला की मुलांची धार मोजतो; पाठ कुणी तपासत नाही. ती सरळ नसेल, तर धार जितकी उत्तम तितका अन्याय बिनबोभाट होतो.

तो वस्तरा माझ्या टेबलाच्या खणात आहे. वापरत नाही. गुणपत्रिकांवर सही करताना मात्र एकदा उघडून पाहतो.