शिंपल्याचे घर



नांदेड-लातूरकडच्या आपल्या माणसांना समुद्र पाहायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. आपल्यातले कितीतरी वडीलधारे समुद्र न पाहताच देवाघरी गेले. कालवं, तिसऱ्या ही नावेही आपल्या स्वयंपाकघरातली नव्हेत. तेव्हा आजच्या पानावर शिंपल्यांविषयी कशाला, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे.

पण एक प्रश्न आम्हीही विचारतो. पवित्र शास्त्रात परमेश्वराने पहिला आशीर्वाद कोणाला दिला? माणसाला, असे आपण पटकन म्हणू. तसे नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाचव्या दिवशी पाण्यातल्या जीवांना आणि पाखरांना आशीर्वाद मिळाला. माणूस सहाव्या दिवशी आला. ईस्टरच्या जागरणविधीत आपण हा अध्याय दरवर्षी ऐकतो, पण हातातली मेणबत्ती सांभाळण्याच्या नादात तेवढी ओळ निसटून जाते. ज्यांना देवाने सर्वांत आधी आशीर्वाद दिला, त्या जीवांचे आज काय चालले आहे, हे पाहणे म्हणूनच आपले काम ठरते.

शिंपल्याचे कवच म्हणजे त्याचे घर. ते चुनखडीच्याच द्रव्याचे असते. आपल्या काळ्या रानात नांगरताना पांढरट चुनखडीचे खडे वर येतात, त्यांच्या जातीचे. अशा खड्यावर लिंबू पिळून पाहा, फसफसते. आंबट आणि चुना यांचे जमत नाही, हे आपल्याला घरबसल्या कळते.

आता कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. एका अर्थाने समुद्र आपल्यावर उपकारच करतो, नाहीतर आपला उन्हाळा आणखी कडक झाला असता. पण हा वायू पाण्यात मिसळला की त्याचे सौम्य आम्ल बनते. सोड्याच्या बाटलीत तेच असते. समुद्राचे पाणी मोजण्याच्या मापावर ८.२ वरून ८.१ वर आले आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण या मापाची रीतच अशी आहे की एवढ्याशा घसरणीत आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते.

म्हणून समुद्र लिंबाच्या रसासारखा झाला आहे आणि शिंपले त्यात फसफसून विरत आहेत, असे कोणी समजू नये. पाणी अजूनही आम्ल नाही. झाले आहे ते वेगळेच, आणि आम्हाला वाटते ते अधिक करुण आहे. कवच बांधायला लागणारे कार्बोनेट पाण्यात विरघळलेले असते. वाढलेली आम्लता ते अडवून धरते. गवंडी आहे, जागा आहे, पण विटा मिळत नाहीत, अशी गत होते. मोठा शिंपला जास्त शक्ती खर्चून कसेबसे निभावतो. खरी परीक्षा पिलाची. कालवाच्या पिलाला जन्मानंतर पहिल्या दोनेक दिवसांत कवच उभे करावे लागते. खाण्यासाठी त्याच्याजवळ अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढी असते. विटा महाग झाल्या की ती शिदोरी बांधकामातच संपते, आणि पिलू कवच पुरे होण्याआधीच मरते.

हे पुस्तकातले नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कालवांची पिले तयार करून विकणारे एक केंद्र आहे. २००७ च्या सुमारास तिथली पिले मोठ्या संख्येने मरू लागली. आधी रोगजंतूंवर संशय गेला. पुढे कळले की वाऱ्यामुळे खोल समुद्रातले जास्त आम्ल पाणी वर येते, आणि केंद्रात तेच पाणी घेतले जाते. आता ते पाणी मोजून, सोडा मिसळून, मगच पिलांना देतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही पावसाळ्यात प्राणवायू कमी आणि कार्बन जास्त असलेले पाणी खालून वर येते. ही निसर्गाची जुनीच रीत आहे. माणसाच्या धुराचे ओझे तिच्यावर नव्याने पडते आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी बाया चिखलात वाकून तिसऱ्या काढतात, खडकावरची कालवं फोडतात. त्यात आपले ख्रिस्ती बांधवही आहेत. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवं पाळायला घेतली आहेत. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या आपल्यापैकी काहींनी गोव्याच्या यात्रेत पाहिल्या असतील. त्यांतून आत येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. खाड्यांतले शिंपले कमी झाले तर त्याचा सगळा दोष आम्लतेवर टाकणे बरोबर नाही. सांडपाणी आहे, गाळ आहे, अतोनात उपसा आहे. पण आधीच दुबळ्या झालेल्या जिवावर हे आणखी एक ओझे आहे.

आणि त्यातला थोडा धूर आपलाही आहे. आपल्या शेजारी परळीला कोळसा जळतो. विजेचे बटण दाबताना, मोटारसायकलला किक मारताना आपण समुद्राशी व्यवहार करत असतो, फक्त समुद्र दिसत नाही. इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. ज्या घरात एकच दिवा आहे आणि तोही भारनियमनात विझतो, त्या घराला कोणी पापाचा हिशेब मागू नये. हिशेब ज्याच्याकडे जास्त आहे त्याचा. परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात समुद्राच्या वाढत्या आम्लतेचा उल्लेख केला, आणि त्याच परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते याच कारणाने.

संत लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आठवा. त्याने लाजरसला मारले नाही, शिवी दिली नाही. लाजरस दारात होता आणि याला दिसला नाही, एवढाच त्याचा अपराध. आपण म्हणू, तो निदान दारात तरी होता, खाडीतली बाई तर शेकडो किलोमीटर दूर आहे.

पण दुरून काय येऊ शकते हे लातूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा तो प्रवास. ज्या कृष्णेकाठच्या लोकांचे ते पाणी, त्यांनी आपले घर पाहिले नव्हते, आपले नाव त्यांना ठाऊक नव्हते. आपण ते पाणी प्यालो. घागर भरताना कोणी असे म्हणाले नाही की मिरज फार लांब आहे. मदत जर तेवढ्या लांबून पोहोचते, तर आपला धूर आणि आपली जबाबदारी मात्र गावाच्या वेशीवरच थांबते, असे म्हणायला आपल्याला तोंड उरत नाही.

रविवारच्या मिस्साला एकाच वस्तीतून चार-चार गाड्या वेगवेगळ्या येतात, त्या एकत्र येऊ शकतात का, हे वस्तीप्रमुखांनी पाहावे. चर्चच्या सभागृहातले पंखे व दिवे कार्यक्रम संपल्यावरही चालू राहतात, ते युवक संघाने आपल्याकडे घ्यावे. या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या स्त्रियांसाठी एक विनंती घातली आहे. ती वाचण्यासाठी एखादी शेतात कामाला जाणारी भगिनी पुढे आली तर आनंद होईल. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना खड्याचा आणि लिंबाचा प्रयोग करून दाखवणार आहोत. चुनखडीचे खडे कोणीतरी आपल्या रानातून आणावेत. लिंबू आम्ही आणू.