झाकणाखालचे निर्णय

१९९५ च्या फेब्रुवारीत बोर्लंड कंपनीने डेल्फी हे प्रोग्रॅम घडवण्याचे साधन बाजारात आणले. कोऱ्या फॉर्मवर टी-टेबल, टी-डेटासोर्स आणि टी-डीबीग्रिड असे तीन कंपोनंट ठेवायचे, ते एकमेकांना जोडायचे, टेबलाचे नाव द्यायचे आणि ‘ॲक्टिव्ह’ हा गुणधर्म चालू करायचा. प्रोग्रॅम अजून कंपाइलसुद्धा झालेला नसायचा, तरी ग्रिडमध्ये खरीखुरी रेकॉर्ड्स दिसू लागायची. ज्यांनी त्याआधी क्लिपर या डेटाबेसच्या भाषेत पडद्यावरची ओळ आणि रकाना मोजून एकेक खाना मांडला होता, त्यांना हे केवढे मोठे सुख वाटले असेल याची कल्पना आज येणे कठीण आहे.

या सुखाबरोबर एक तक्रारही आली आणि ती अजून चालू आहे. तयार कंपोनंट हाताशी आले की विद्यार्थी शिकत नाही, नुसती जोडाजोड करतो, असे जुनी माणसे म्हणतात. मला हे पटत नाही. डेटाबेस स्वतःच एक भला मोठा कंपोनंट आहे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले ते याचसाठी, की माहिती यंत्रात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. आपण ‘सिलेक्ट’ लिहितो तेव्हा डिस्कवरचे कोणते पान वाचायचे, कोणता इंडेक्स धरायचा, दोन टेबलांची सांगड आधी कुठून घालायची, हे सारे दुसरेच कोणीतरी ठरवते. ही सोय अर्धशतकाहून जास्त काळ टिकली आहे आणि ती वापरणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही.

१९७२ मध्ये डेव्हिड पार्नस यांनी मॉड्यूल कसे पाडावेत यावर एक छोटा निबंध लिहिला. कामाच्या पायऱ्या पाहून तुकडे पाडू नयेत, असे त्यांचे म्हणणे. पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय हुडकावा, तो एकेका मॉड्यूलच्या पोटात ठेवावा आणि बाहेरच्यांना त्याची झळ लागू देऊ नये. कंपोनंटकडे या नजरेने पाहिले की शिकण्याचा प्रश्न स्वच्छ दिसू लागतो. कंपोनंट म्हणजे आपल्या वतीने कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेले निर्णय. त्यांतले कोणते दुसऱ्याने घेतले तरी चालतील, आणि कोणते ज्याच्यासाठी हा प्रोग्रॅम लिहायचा त्याला विचारल्याशिवाय घेताच येणार नाहीत, हे ओळखता येणे म्हणजे हे शास्त्र येणे.

एखादी सहकारी पतसंस्था घ्या. खात्यात दहा हजार रुपये शिल्लक आहेत आणि दोन खिडक्यांवर एकाच वेळी तेच खाते उघडले आहे. एका खिडकीवर चार हजार काढले जातात, दुसरीवर तीन हजार. पहिला कारकून शिल्लक सहा हजार करून सेव्ह करतो, दुसरा क्षणभराने सात हजार करून सेव्ह करतो. खरी शिल्लक तीन हजार हवी. मागे एसक्यूएल सर्व्हर असला, तर या क्षणी काय व्हावे हे डेल्फीतला ‘अपडेटमोड’ नावाचा एक साधा गुणधर्म ठरवायचा. त्याला तीन पर्याय होते. पहिला सांगे की मी वाचले तेव्हा रेकॉर्डमधले सगळे खाने जसे होते तसेच अजून असतील तरच लिही. दुसरा फक्त ‘की’, म्हणजे रेकॉर्डची ओळख पटवणारा खाना, आणि बदललेले खाने तपासे. तिसरा नुसती ‘की’ पाहून मोकळा होई. तिसरा निवडला तर पतसंस्थेचे चार हजार रुपये कोणालाही न कळता नाहीसे होतात. ग्रिडमध्ये सगळे ठीकठाक दिसते, एररही येत नाही.

मधला पर्याय तर जास्तच विचार करायला लावतो. एका अधिकाऱ्याने कर्जाचा व्याजदर बदलला, त्याच वेळी दुसऱ्याने मुदत बदलली. दोघांचे खाने वेगळे, म्हणून दोन्ही बदल मंजूर होतात. आता टेबलात असे एक कर्ज आहे की तो दर आणि ती मुदत ही जोडी कोणीच, कधीच मंजूर केलेली नाही. रेकॉर्ड हा सुट्या खान्यांचा संच आहे, की एकत्र घेतलेला एक निर्णय? बोर्लंडच्या अभियंत्यांना याचे उत्तर ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे तीन पर्याय दिले, मुळात सगळ्यात सावध असा पहिला लावून ठेवला आणि बाकीचे आपल्यावर सोडले. असा कंपोनंट मला चांगला शिक्षक वाटतो. त्या एका गुणधर्माशी थांबून ‘हे तीनच का?’ असे ज्याने विचारले, त्याच्या हाती ट्रान्झॅक्शनचा सगळा विषय येतो.

त्याच्याही खाली आणखी एक प्रश्न आहे, आणि तो पतसंस्थेतला जुना हिशेबनीस संगणकवाल्याहून चांगला जाणतो. शिल्लक हा हाताने बदलायचा आकडाच नव्हे. रोजकीर्दीत जमा आणि नावे अशा नोंदी होतात, त्या खतावणीत चढतात आणि शिल्लक त्यांतून निघते. नोंद चुकली तर ती खोडायची नाही, तिच्या उलट नोंद करायची. हे कळलेला माणूस टेबलात शिल्लक बदलत बसणार नाही, नुसत्या नव्या नोंदी घालत जाईल, आणि वरच्या भांडणातले निम्मे भांडण आपोआप मिटेल. पण ग्रिडचा स्वभाव नेमका उलट आहे. तो प्रत्येक खान्यात कर्सर नेऊ देतो आणि जणू म्हणतो, बदला. हाताशी जे सोपे असते तसे टेबल घडत जाते. तयार साधनांचा मला खरा धोका इथेच दिसतो: त्यांच्या सोयीने आपण त्या व्यवसायाचा अर्थ वाकवतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

आजची साधने वेगळी असली तरी हे बदललेले नाही. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात जन्मलेले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले जँगो हे पायथनमधले वेब फ्रेमवर्क घ्या. मॉडेल लिहिले की ॲडमिनची पाने जवळजवळ फुकट मिळतात. बातमीदारांना आपला मजकूर पटकन भरता यावा म्हणून केलेली ती सोय आहे आणि त्या कामाला उत्तम आहे. तिथे बातमी दुरुस्त करणे हेच रोजचे काम. रोजकीर्दीत मात्र तीच सोय नोंद खोडण्याची वाट उघडून देते.

वेगाचेही तसेच. कर्जखात्यांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे सभासदाचे नाव दाखवले, तर पायथनमध्ये ती सरळ एक ओळ दिसते. पण जँगोला आधी सांगितले नसेल तर शंभर खात्यांसाठी ते डेटाबेसकडे एकशे एक खेपा घालतो. ‘सिलेक्ट-रिलेटेड’ एवढा एक शब्द घातला की एका खेपेत काम होते. ज्याने जॉइन कधी हाताने लिहिलाच नाही त्याला हा शब्द मंत्रासारखा पाठ करावा लागतो.

मराठीत काम करणाऱ्यासमोर झाकणाखालचा एक निर्णय अगदी पहिल्याच दिवशी येतो. सभासदांची यादी नावाप्रमाणे लावायला सांगा. वेगळे काही सांगितले नसेल, तर अनेक डेटाबेस युनिकोडमधल्या अनुक्रमांकाने अक्षरे लावतात. तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आणि क्ष हे स्वतंत्र अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशी जोडणी आहे. मग काळे हे कावळे आणि काशीकर यांच्या आधी येतात, आणि क्षीरसागर कौशिकांच्या मागोमाग, खऱ्यांच्या आधी जाऊन बसतात. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. छापील यादीत आपले नाव शोधणारा सभासद त्याच क्रमाने शोधणार. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू ही लायब्ररी वापरता येते आणि मराठीचा क्रम मागता येतो. म्हणजे तयार कंपोनंट इथेही आहे, पण तो मागावा लागतो, आणि मागायचे सुचण्यासाठी क्रम हाही कोणाचा तरी निर्णय असतो हे माहीत असावे लागते.

सॉफ्टवेअरचे सुटे भाग हवेत, ही मागणी १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश येथे भरलेल्या नाटोच्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी जोरात मांडली. त्यांच्या मनात नुसता साठा नव्हता. साइन काढण्याच्या एकाच कामासाठीसुद्धा वेगवेगळ्या अचूकतेचे आणि वेगाचे भाग असावेत, आणि आपल्या गरजेचा भाग यादीतून निवडता यावा, असे त्यांना हवे होते. आज भागांचा सुकाळ आहे. मात्र दोघांनी एकदम लिहिले तर काय होईल, लाख रेकॉर्डे आली तर काय होईल, हे फार थोड्या भागांवर लिहिलेले असते. म्हणून ते उघडून पाहता येणे महत्त्वाचे.

डेल्फीचे मोठेपण मला इथे वाटते. त्याचे कंपोनंट ज्या ऑब्जेक्ट पास्कलमध्ये लिहिलेले होते, त्याच भाषेत वापरणाराही लिहीत असे. सुरुवातीच्या व्हिज्युअल बेसिकमध्ये नवा कंट्रोल करायचा तर सी भाषा शिकणे आले. वापरणारा आणि घडवणारा यांच्यामध्ये भिंत होती. डेल्फीत तयार ग्रिडपासून आपला ग्रिड वारशाने घेता येई, एक मेथड बदलता येई आणि तो तयार कंपोनंटच्याच रांगेत बसवता येई.

म्हणून डेटाबेसच्या वर्गात शेवटचे काम कोणते द्यावे, असे मला कोणी विचारले तर मी रोजकीर्दीचा ग्रिड मागेन. त्यात नवी नोंद घालता यावी, झालेली नोंद बदलता येऊ नये, आणि चूक झाली तर एका बटणाने उलट नोंद तयार व्हावी, मूळ नोंदीचा क्रमांक सोबत घेऊन. तो वापरणाऱ्याला काय वचन देतो, हे विद्यार्थ्याने आधी पानभर मराठीत लिहावे. मग कोणीतरी विचारेलच, की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून तेच टेबल उघडले तर? तेव्हा ग्रिड बाजूला ठेवून डेटाबेसमध्ये जावे लागेल आणि त्या टेबलावरचा ‘अपडेट’ व ‘डिलीट’ करण्याचा अधिकार तिथेच काढून घ्यावा लागेल.