शिस्तीचा उलटा क्रम

पाच वर्षांपर्यंत मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षे त्याला मार द्यावा आणि सोळावे लागले की मित्रासारखे वागवावे, अशा अर्थाचा एक श्लोक चाणक्याच्या नावावर सांगितला जातो. श्लोक माहीत नसलेल्या घरांतही क्रम बहुधा हाच असतो. बालवाडीपर्यंत ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ म्हणून सगळे माफ असते. पहिलीत गेल्यावर अभ्यास, जेवण, टीव्ही, मोबाइल या सगळ्यांवर एकदम बंधने येतात आणि दहावीपर्यंत ती आवळतच जातात. वयाबरोबर शिस्त बदलायला हवी, एवढे या श्लोकाला नेमके कळले आहे. चुकला आहे तो क्रम. मर्यादा सगळ्यांत आधी हव्यात, थोड्या पण पक्क्या. मूल मोठे होत जाईल तशा त्या सैल होत गेल्या पाहिजेत आणि स्वतःला आवरण्याचे काम हळूहळू त्याच्याकडे गेले पाहिजे.

मूल मारामारी बाहेरून शिकून येते, असा आपला समज असतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रांब्ले यांच्या संशोधनात वेगळे चित्र दिसले. ढकलणे, चावणे, ओरबाडणे यांचे प्रमाण दोन-तीन वर्षांच्या वयात सर्वाधिक असते आणि पुढे बहुतेक मुलांत ते घटत जाते. म्हणजे मुलाला शिकावे लागते ते न मारणे, आणि ते शिकण्याचे वय लाडाच्या त्या पाच वर्षांतच येते. मात्र या वयात मेंदूचा आवर घालणारा भाग अगदीच कच्चा असतो, त्यामुळे उपदेशाचा फारसा उपयोग नसतो आणि मारण्याचाही नसतो. कात्री उंचावर ठेवणे, उगारलेला हात शांतपणे धरणे, झोपेची वेळ न बदलणे ही मोठ्यांनी करायची व्यवस्था हीच तेव्हाची शिस्त. पुढे मुलाची न्यायबुद्धी बदलते. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 मध्ये दाखवले, की लहान मुले चूक मोजतात ती नुकसानीवरून. चुकून बरेच पेले फोडणारा त्यांना चोरून मुरंबा घेताना एक पेला फोडणाऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटतो. काही वर्षांनी तीच मुले हेतू बघू लागतात. चार वर्षांच्या मुलाला ‘नाही म्हणजे नाही’ पुरते. नऊ वर्षांच्याला तेच अन्यायाचे वाटते, कारण त्याला आता कारण हवे असते. नेमक्या याच वयात आपण कारणे देण्याऐवजी धाक वाढवतो.

‘आम्ही मार खाल्ला, म्हणून घडलो,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. मार खाऊन जे बिघडले किंवा आई-बापांपासून कायमचे दुरावले, ते ही साक्ष द्यायला पुढे येत नाहीत. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये सुमारे 1,60,000 मुलांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चापटी मारण्याचा संबंध त्यांना अधिक आज्ञाधारकपणाशी आढळला नाही. तो आढळला आक्रमकता आणि मानसिक त्रासाशी. मूळची द्वाड मुलेच जास्त मार खातात, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता, ही शंका रास्त आहे. पण मुलाचे आधीचे वर्तन लक्षात घेऊन वर्षानुवर्षे केलेल्या पाहण्यांतही मारामुळे वागणे सुधारल्याचे दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली. घरातल्या मारावर स्वीडनने 1979 मध्येच बंदी घातली. आपल्याकडे तशी स्पष्ट तरतूद नाही. म्हणून छडी कायद्याने शाळेतून गेली तरी घरात हात उगारला जातोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समजावत बसणे ही सवड असलेल्यांची चैन. दोन खोल्यांच्या घरात दोघेही कामावर जाणाऱ्यांनी काय करायचे? याचे एक उत्तर पालघरच्या पट्ट्यात मिळते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गरीब आदिवासी मुलांमध्ये काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा त्यांनी सक्ती न करता शाळाच कुरणात नेली. मूल ऐकत नसेल तर आधी व्यवस्था तपासायची, ही त्यामागची दृष्टी. शिवाय सवड कमी असेल तेव्हा नियमही कमीच असायला हवेत. रोजच्या तीस सूचनांपेक्षा आई, बाबा आणि आजी-आजोबा चौघांनीही पाळलेले तीन नियम कमी वेळ खातात.

सैल सोडले तर मूल बिघडेल, ही भीती उरतेच. पण मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात नुसता धाक आणि नुसती मोकळीक या दोन्हींपासून वेगळी काढलेली तिसरी रीत मोकाट सोडण्याची नव्हती. तिच्यात अपेक्षा ठाम होत्या, आणि त्यांची कारणे मुलाला सांगितली जात होती. बारा वर्षांच्या मुलाला मोबाइलचे वेळापत्रक स्वतः आखू दिले, तर ते काही वेळा मोडेल. ते मोडल्यावर वेळापत्रक पुन्हा आखायला लावणे हेच पालकाचे काम आहे. वेळापत्रकच हिसकावून घेतले तर स्वतःला आवरण्याचा सराव मुलाला मिळत नाही. सोळाव्या वर्षी मैत्री हवी असेल, तर आधीची दहा वर्षे मुलावर थोडा थोडा विश्वास टाकत जावे लागते. धाकात वाढलेले मूल सोळाव्या वर्षी मित्र होत नाही, ते फक्त लपवायला शिकलेले असते.