भिंतीवरचं बाळ कोणासाठी?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ९ (काही प्रतींत तो १० वा आहे), आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. ग्रंथ शेजारी उघडून बसलात तर उत्तम.

ज्ञान कशाला म्हणायचं हे सांगताना भगवंत या अध्यायात लक्षणांची एक मोठी यादी देतात. मानाची हाव नको, दंभ नको, अहिंसा हवी, क्षमा हवी, सरळपणा हवा. हे सगळं ऐकताना आपण मान डोलावतो. मग नवव्या श्लोकात ही यादी थेट आपल्या घरात शिरते. मुलं, जोडीदार, घर, यांत आसक्ती नको आणि अभिष्वंगही नको. हॉस्टेलवर असताना हा श्लोक मी भराभर म्हणून पुढे जायचे. तेव्हा मूल नव्हतं, घर नव्हतं, आणि लोखंडी कॉटची आसक्ती कोणाला असते! आता दोन महिन्यांची लेक मांडीवर आहे, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि समोर लॅपटॉपवर तिचे फोटो भिंतीवर कसे लावायचे याचा आराखडा उघडा आहे. आज काही पुढे जाता येईना.

आधी हा आराखडा काय ते सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हे झालं असेल किंवा होणार असेल. नवजात बाळाचे फोटो काढणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या की पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत बोलवा. त्या दिवसांत बाळ गाढ झोपतं आणि पोटात होतं तसं अंग मुडपून घेतं. पुढे हातपाय ताणायला लागलं की ती मुद्रा गेली. आमच्याकडे त्या नवव्या दिवशी आल्या. पंखा बंद, खोली उबदार, त्या घामाघूम आणि बाळ निवांत. आपल्याकडे पाचवी, सटवीची पूजा, बारसं, सगळं याच दिवसांत येतं. सटवीच्या रात्री आपण बाळाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतो. तिला काय लिहायचं ते तिनं लिहावं, आपण वाचायला जायचं नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी आम्ही दिवे लावून त्याच बाळाची छबी पक्की करत होतो! मला तेव्हा याचं हसू आलं होतं. आता जरा विचारात पडायला होतं.

फोटो आले, सुंदर आले. मग भिंतीची चर्चा सुरू झाली. सोफा सात फुटी. त्यावरची मांडणी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीची असावी, म्हणजे छप्पन्न इंच. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर राहतो. कॅनव्हास की काचेची फ्रेम? आमच्या हॉलमध्ये दुपारचं ऊन थेट येतं, त्यानं छपाईचे रंग उडतात. शिवाय बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात दमट होते, म्हणजे कागदाला बुरशीची भीती. नवऱ्यानं वर्तमानपत्राचे त्या मापाचे तुकडे कापून भिंतीला चिकटपट्टीनं लावलेसुद्धा. मधला २४ × ३६ इंचांचा, दोन्ही बाजूंना लहान. (ही युक्ती खरंच चांगली आहे, भिंतीला आधीच भोकं पडत नाहीत.) चार दिवस आमच्या सोफ्यावर जुन्या बातम्या लटकत होत्या.

मग प्रश्न असा, की हे सगळं आसक्तीत मोडतं का?

‘फोटो म्हणजे मोह, कशाला ते थेर’ असं सरसकट म्हणणारे लोक असतात. मला ते पटत नाही. आपण सगुणाची भक्ती करणारी माणसं. रूप डोळाभर पाहावं, हीच तर आपली साधना. गोकुळाष्टमीला पाळण्यातल्या बाळकृष्णाला आपण अंगडं-टोपडं घालतो. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांच्या रंगीत तसबिरी साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर पोचल्या. तेव्हा भिंतीवरच्या रूपाकडे प्रेमानं बघणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. रूप पाहणं हा दोष असता तर आपण पंढरपूरला कशाला गेलो असतो?

गोची दुसऱ्या शब्दात आहे. अभिष्वंग. शंकराचार्य भाष्यात तो उलगडून सांगतात, की ही आसक्तीचीच एक खास जात आहे. दुसऱ्याचं सुख ते माझंच सुख, त्याचं दुःख ते माझंच, तो जगला तर मी जगले, अशी दोघांमधली सीमाच पुसून टाकणारी. हे वाचून मी थबकले. अहो, दोन महिन्यांच्या बाळाच्या आईचं दुसरं काय होत असतं? तिला उचकी लागली तरी माझा जीव वर-खाली होतो. हे सोडायचं म्हणजे तिला दूधही नीट पाजता येणार नाही.

इथे माउली मदतीला येतात. या श्लोकावर लिहिताना ते घराबद्दल म्हणतात की वाटेत भेटलेल्या झाडाच्या सावलीइतकीच त्याची ओढ असावी. आणि मुलांबद्दल? मुलं म्हणजे जणू मुक्कामाला आलेले वाटसरू, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं वाटलं होतं. पोटच्या पोरांना गुरं म्हणायचं? पण या वेळी मी गुरांकडे न बघता झाडाकडे बघत राहिले. झाड सावली देण्यात काटकसर करत नाही. भर दुपारी ते सगळं ऊन आपल्या अंगावर घेतं. फक्त गुरं माझी आहेत असं ते कुणाला सांगत नाही, आणि संध्याकाळी ती उठून निघाली की फांदी खाली करून अडवत नाही. म्हणजे ममता कमी करा असं माउली सांगत नाहीत, असं मला वाटतं. ती मालकीच्या दाखल्यासारखी फडकवू नका, एवढंच. (ही माझी समजूत. तुमच्याकडच्या कोणी जाणत्यांनी वेगळं सांगितलं असेल तर जरूर कळवा.)

म्हणून मी नवऱ्याला विचारलं, एवढा मोठा फोटो तुला नक्की का हवाय? मला वाटलं होतं तो म्हणेल, भारी दिसतो म्हणून. तो म्हणाला, “बाबांचा लहानपणीचा एकही फोटो नाही.” सासऱ्यांचा सगळ्यात जुना फोटो मॅट्रिकच्या फॉर्मसाठी काढलेला, तोही मागून कोणीतरी कॉलर सरळ केल्यासारखा. त्याआधीचे बाबा कसे दिसत होते हे सांगू शकणारं आता कोणी नाही. नवऱ्याला आपली लेक मोठी करून भिंतीवर हवी होती, त्यामागे हा रिकामा कोपरा होता. अशा इच्छेला आसक्ती म्हणून झटकून टाकणं मला जमलं नाही, जमूही नये.

तरीही हॉलची ती भिंत मला खटकत होती, आणि का ते मला बारशापासून ठाऊक होतं.

माझी एक बहीण आहे, सख्खी नाही पण सख्ख्याहून जवळची. लग्नाला बरीच वर्षं झाली, उपचार चालू आहेत, दोनदा आशा लागून मोडली. बारशाला ती आली, स्वतः शिवलेली कुंची घेऊन. पाळण्याजवळ जरा मागेच उभी राहिली. नात्यातल्या एका बाईंनी माझ्या कानाशी लागून सांगितलं, बाळ तिच्याकडे देऊ नकोस, दृष्ट लागते. मी बाळ तिच्याच हातात दिलं. तिनं दोन मिनिटं घेतलं, टाळूचा वास घेतला आणि परत दिलं.

दृष्टीची ही कल्पना किती एकतर्फी आहे बघा. मूल नसलेल्या बाईच्या नजरेनं बाळाला काय होईल, याची काळजी सगळ्यांना. आमच्या बाळामुळे तिच्या नजरेला काय सोसावं लागतं, हे कोणी विचारत नाही. तीट बाळाच्या गालाला लावतात, तिच्यासाठी काही नाही. हॉलची भिंत तर घरच्यांपेक्षा येणाऱ्यांची. आम्ही सोफ्यावर बसतो, ती आमच्या पाठीशी असते. समोरच्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला मात्र ती संपूर्ण चहा होईस्तोवर बघावी लागते. तीन फुटी कॅनव्हासकडे तोंड करून ती बहीण आमच्याकडे चहा पीत बसली आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ती एक शब्द बोलणार नाही. उलट “किती गोड” म्हणेल.

कोणी म्हणेल, असं बघायला गेलं तर आनंदाची कुठलीच गोष्ट घरात लावता येणार नाही. कोणाचं ना कोणाचं दुःख असतंच. खरं आहे. जगभरच्या दुःखाचा हिशोब करून मी खिळा ठोकू शकत नाही. पण जिचं दुःख मला ठाऊक आहे आणि जी महिन्यातून दोनदा माझ्या घरी येते, तिचा हिशोब तरी करू शकते ना? या यादीत अहिंसा नवव्या श्लोकाच्या बरीच आधी येते. हिंसा म्हणजे दर वेळी कोणाला मारणंच असतं असं नाही.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात कळली. आमच्या फोटोंत एक फार लोकप्रिय मुद्रा आहे. बाळ दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून, बेडकासारखे पाय मुडपून झोपलेलं. नऊ दिवसांचं बाळ स्वतःचं डोकं असं पेलू शकत नाही, हे उघड आहे. ताईंनी समजावलं, की त्यात दोन फोटो असतात. एकात कोणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं धरलेली. मग दोन्ही जोडून धरणारे हात पुसून टाकायचे. बाळाच्या सुरक्षेसाठी तेच योग्य, त्यात फसवणूक काही नाही. पण मी विचारलं, ते हात कोणाचे होते? आमच्या सासूबाईंचे. मी तेव्हा दमून पलीकडे आडवी झाले होते. मी म्हटलं, हात न पुसलेला फोटो मिळेल का? ताई जरा चकित झाल्या, पण त्यांनी पाठवला. सुरकुतलेली बोटं, हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि त्या बोटांवर विसावलेलं मुठीएवढं डोकं.

सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, “अगं, माझ्या नखांना हळद आहे!” आणि मग बराच वेळ फोन परत देईनात.

आता ठरलं आहे ते असं. मोठ्या कॅनव्हासची ऑर्डर रद्द. हा हातांचा फोटो आमच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, जिथे ऊन येत नाही आणि भिंत आतली असल्यानं ओल नाही. १२ × १८ इंच, मॅट कागद, भोवती आम्लरहित माउंट म्हणजे कडा पिवळ्या पडणार नाहीत. त्याखाली लाकडाची एक अरुंद फळी, नुसत्या टेकवून ठेवायच्या फ्रेमसाठी, म्हणजे फोटो बदलता येतात. हे नवऱ्याला सगळ्यात आवडलं, कारण नवव्या दिवसाचा चेहरा आताच तिचा राहिलेला नाही. भागवतात यशोदा दोरीला दोरी जोडत जाते आणि ती दर वेळी दोन बोटं कमीच पडते, तसं आमच्या फ्रेमचं होणार. दहा वर्षांची झाली की कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा हे तिला विचारू. उघड्या अंगाचे फोटो आल्बममध्येच राहतील, ते तिचे आहेत. आणि मॅट्रिकच्या फॉर्मवरचा बाबांचा फोटो स्कॅन करून त्याच फळीवर, नातीच्या शेजारी.

हॉलच्या भिंतीवरचे वर्तमानपत्राचे तुकडे काल काढले. एका ठिकाणी चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही निघून आला. तिथे काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही. सासूबाई म्हणतात विठोबाची तसबीर, नवरा म्हणतो काहीच नको, मोकळी बरी दिसते. बहीण रविवारी येणार आहे, कुंचीला जोडीचं दुपटं शिवून आणते म्हणाली.

उद्या श्लोक १०. राम कृष्ण हरी!