सत्ताधाऱ्यांस टीका कां सोसत नाहीं?

परक्या सत्तेनें वर्तमानपत्रांचा द्वेष करावा, यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें १८७८ सालीं देशी भाषांतील पत्रांचा गळा आवळणारा कायदा केला व इंग्रजी पत्रांस त्यांतून वगळलें, तेव्हां त्याचा हेतु कोणापासूनहि लपून राहिला नाहीं. 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांस १८९७ सालीं व पुन्हा १९०८ सालीं तुरुंगांत धाडणाऱ्यांचेंहि तसेंच. विचारी मनुष्यास कोड्यांत टाकणारा प्रश्न निराळाच आहे. ज्यांनीं स्वतः लेखन-भाषणापायीं तुरुंगवास सोसला, त्यांच्याच हातीं राज्यसूत्रें आलीं म्हणजे त्यांस टीका कां खुपूं लागते? ही केवळ दुष्टांची कथा असती, तर दुष्टांस दूर सारून आपण निश्चिंत झालों असतों. परंतु ती पुष्कळदां सज्जनांची कथा असते, आणि म्हणूनच तिचा नीट विचार करणें अवश्य आहे.

पंडित नेहरूंचें उदाहरण घेऊं. राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांनीं स्वतः शिक्षा भोगली होती; स्वातंत्र्याविषयींची त्यांची आस्था ढोंगी होती, असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. तथापि घडलें तें असें. २६ मे १९५० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन निकाल दिले. एकानें मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या मताच्या साप्ताहिकावर मद्रास सरकारनें घातलेली बंदी रद्द ठरली; दुसऱ्यानें दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' या हिंदुत्ववादी पत्रावर लादलेली पूर्वतपासणी रद्द ठरली. लगेच पुढील वर्षीं नेहरूंच्या सरकारनें घटनेची पहिली दुरुस्ती करून 'सार्वजनिक सुव्यवस्थे'च्या नांवाखालीं भाषणावर बंधनें घालण्याची वाट मोकळी केली. हीं बंधनें वाजवी असलीं पाहिजेत, अशी अट तींत होती, हें न्यायबुद्धीनें सांगितलेंच पाहिजे. परंतु राजद्रोहाचें १२४-अ कलम निंद्य आहे, असें त्याच चर्चेंत सांगणाऱ्या पंतप्रधानांनीं तें कायद्याच्या पुस्तकांत तसेंच राहूं दिलें. तें पुढें सत्तर वर्षें अमलांत राहिलें.

दुसरी कथा याहून बोलकी आहे. संसदेंतील कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्यांस संरक्षण देणारा कायदा १९५६ सालीं फिरोझ गांधी यांच्या खटपटीनें झाला. आणीबाणींत तो त्यांच्याच पत्नीच्या सरकारनें रद्द केला. २५ जून १९७५ च्या रात्रीं दिल्लींतील अनेक वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यांत आली, आणि पुढें छापण्यापूर्वींच मजकूर सरकारी नजरेखालून जाऊं लागला. त्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणें मांडली. त्यांनाहि पुढें तुरुंग पाहावा लागला.

याचें मूळ, आमच्या मतें, एका सूक्ष्म भ्रमांत आहे. ज्यानें देशासाठीं आयुष्य वेंचलें, त्यास आपण आणि देश यांमधील अंतर हळूहळू दिसेनासें होतें. आपला हेतु शुद्ध आहे, याची त्यास मनोमन खात्री असते; तेव्हां आपणांस दोष देणारा मनुष्य एक तर अज्ञ असला पाहिजे किंवा देशाचा शत्रु, अशी त्याची समजूत होते. परंतु हेतूची शुद्धता हा कृतीच्या योग्यतेचा पुरावा नव्हे. वैद्य कितीहि सद्भावनेचा असला, तरी कोठें दुखतें तें रोग्यानेंच सांगावें लागतें. रोग्याचें तोंड बांधल्यानें दुखणें बरें होत नाहीं. तें वैद्यास कळेनासें मात्र होतें.

वर्तमानपत्रें खोटें छापतात, लोकांची अब्रू घेतात, दंगे पेटवितात, असा आक्षेप येईल. आणि तो सर्वस्वीं निराधार नाहीं. पण खोट्याचा न्याय कोणीं करावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. १८७८ च्या कायद्यांत मॅजिस्ट्रेटच्या निर्णयावर न्यायालयांत दाद मागण्याची सोय नव्हती. त्याचें विष तेथें होतें. ज्याच्यावर टीका झाली त्यानेंच टीकाकाराचा न्याय करावा, हा अधिकार आपण गांवच्या पाटलासहि देणार नाहीं; मग तो मंत्र्यास कां द्यावा?

शेवटीं दोन शब्द आपणां वाचकांविषयीं. 'क्रॉस रोड्स' व 'ऑर्गनायझर' यांचीं मतें परस्परांच्या अगदीं उलट. तरी दोघांचें स्वातंत्र्य एकाच दिवशीं, एकाच तत्त्वानें राखलें गेलें. आपण मात्र आपल्या पक्षाच्या पत्रावर गदा आली म्हणजे स्वातंत्र्याच्या नांवानें आक्रोश करतों, आणि प्रतिपक्षाच्या पत्रावर आली म्हणजे सुव्यवस्थेची थोरवी गातों. पुढाऱ्यांच्या असहिष्णुतेस बळ येतें तें या टाळ्यांमुळें. आपणांस अत्यंत अप्रिय असलेल्या संपादकाची लेखणी हिसकावली जात असतां आपल्याला वाईट वाटतें काय, हा प्रश्न प्रत्येकानें एकांतांत स्वतःस विचारावा. उत्तर 'नाहीं' असें आलें, तर पुढाऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबलेलें बरें.