शाळा मुलाकडे नेताना

शाळेपर्यंत न पोचणाऱ्या मुलाकडे शाळेनेच चालत जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे ध्यानी येताच, मुलांवर किंवा त्यांच्या आईबापांवर ठपका न ठेवता, त्यांनी कुरणातच शाळा भरविली, आणि गोटे, बिया, पाने, शंखशिंपले हीच तिची साधनसामग्री ठरविली.

शाळा मुलाकडे नेण्याचा दुसरा एक मार्ग त्यानंतर काही दशकांनी अमेरिकेत निघाला. १९७८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ नावाचे, शब्द उच्चारून त्याची अक्षरे विचारणारे खेळणे बाजारात आणले. पुढे मायकेल वुड या वकिलाने, आपल्या लहानग्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे जड जाते हे पाहून, १९९५ मध्ये लीपफ्रॉग ही कंपनी स्थापिली, आणि २००३ मध्ये तिचे ‘लीपस्टर’ हे बालकाच्या दोन हातांत मावणारे खेळयंत्र अवतरले: पडद्यावर टेकवून अक्षर गिरविण्यासाठी लेखणी, आणि नवा खेळ हवा की बदलण्यासाठी कार्ट्रिज. व्हिडिओ गेममध्ये मूल हरवते ही पालकांची तक्रारच भांडवल म्हणून वापरून, त्याच तल्लीनतेला गणित आणि वाचन यांच्या कामी जुंपण्याची ही युक्ती होती, आणि तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

कारण यंत्र चिडत नाही, शंभरदा विचारले तरी कंटाळत नाही, आणि चाळीस मुलांच्या वर्गात मागे बसलेल्या लाजाळू मुलाची चूक चारचौघांत उघडी करीत नाही. मुलाला आपली चूक आपल्यालाच कळावी, हे तर मारिया माँटेसरी यांच्या साधनांचेही मर्म होते. परंतु येथेच भेद सुरू होतो. माँटेसरींचा लाकडी गट्टू चुकीच्या खळग्यात बसत नाही तेव्हा तो का बसत नाही, हे मुलाच्या बोटांना कळते. यंत्र मात्र चुकल्याचा स्वर काढून थांबते. आधी भरून ठेवलेल्या उत्तरांखेरीज दुसरे काही ऐकण्याची सोय त्याच्याजवळ नसते, आणि चार-पाच वर्षांचे मूल तर उत्तरांपेक्षा प्रश्नांनीच शिकत असते. मांजराचे चित्र पाहताच आमच्या कोठ्यात मांजरीला पिले झाली आहेत असे ते सांगू लागले, तर जाणती बाई त्या पिलांवरच मोजणीचा धडा घेते. यंत्राच्या लेखी ते बोलणेच झालेले नसते.

हा भेद यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या तालुक्यात विशेष तीव्र होतो. येथे कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा असल्यामुळे अंगणवाडीतील मराठीदेखील कोलाम बालकाला प्रथम परकीच वाटते. अशा मुलाच्या हाती लीपस्टर येत नाही, त्याचे स्वस्त अनुकरण येते: इंग्रजी मुळाक्षरे म्हणून दाखविणारा प्लॅस्टिकचा लॅपटॉप, नाहीतर वडिलांचा जुना मोबाइल. ज्याने मोह आणि चारोळी पाहिली आहे त्याला सफरचंदापासून अक्षरओळख करून देणारे हे साधन दोन भाषा ओलांडून तिसऱ्या भाषेत बोलते. म्हणून मूल ते पाठ म्हणते, पण समजून म्हणतेच असे नाही.

यावर असा आक्षेप येईल की कापूस वेचणीच्या दिवसांत आई दिवसभर वावरात असताना यंत्रही नको म्हणणे ही शहरी चैन आहे. आक्षेप रास्त आहे. पण तो यंत्राची योग्यता सिद्ध करीत नाही, सार्वजनिक व्यवस्थेतील उणीव दाखवितो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेची यंत्रे आली, तेव्हाही ती शाळेत शिक्षकाच्या हाताखाली आली, त्याच्या जागी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी बैठ्या पडदादर्शनाची कमाल मर्यादा दिवसाला एक तास ठेवली, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले असेही बजावले. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ काढला, त्यात खेळणी, कोडी, चित्रकार्डे आणि गोष्टीची पुस्तके यांनाच मानाचे स्थान दिले.

तेव्हा यंत्राला मज्जाव करण्याचे कारण नाही. त्याचा दर्जा मात्र निश्चित केला पाहिजे. शिकलेल्याचा सराव करून घेणारा मदतनीस, एवढाच त्याचा अधिकार. शिकविण्याचा मुखत्यारनामा त्याच्या नावे करून देता येणार नाही. कोसबाडच्या कुरणात जे नेले गेले ते साधन नव्हते, साधनामागचे माणूस होते. आणि या खेळयंत्रांनी नेमके तेच वगळले. म्हणून उद्या एखाद्या योजनेखाली तालुक्यातील बालकांना यंत्रे वाटण्याची तरतूद मंजूर होऊ घातली, तर पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी प्रथम दोन गोष्टींची मागणी करावी: पोडावर कोलामी आणि तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी अंगणवाडी सेविका, आणि वेचणीच्या हंगामात आई घरी परतेपर्यंत उघडी राहणारी अंगणवाडी. या दोन्हींची व्यवस्था झाल्यावर पैसा उरला, तर यंत्रे अवश्य घ्यावीत.