मांगं किती बोटं?

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात दोघे भाऊ होते. थोरल्याच्या पायाला बॉल चिकटून बसायचा. पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात तो चौघांना चकवून गोल करायचा आणि बघे शिट्ट्या मारायचे. धाकटा नुसता पळायचा.

शाळेतल्या सरांनी दोघांना यवतमाळला क्रीडा प्रबोधिनीच्या निवडचाचणीला नेलं. वयाची अट 8 ते 14. 30 मीटर धावणं, 800 मीटर, शटल रन, उडी, मेडिसिन बॉल फेकणं. थोरल्याने काखेत आणलेला फुटबॉल काखेतच राहिला. धाकटा मात्र एकेक टप्पा ओलांडत पुण्याला, बालेवाडीच्या फुटबॉल प्रबोधिनीत पोचला.

"ज्याले बॉल खेळता येत नाही, त्यालेच घेतलं!" थोरला चिडला.

सर म्हणाले, "बॉल शिकवता येतो रे. चपळाई या वयातच हेरावी लागते."

मला विचाराल तर थोरल्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पळण्याच्या चाळणीतून एखादा खेळणारा निसटतोच. पण त्याच बालेवाडीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला आणि 2017 साली दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, हेही खरं. त्या संघाची तयारी गोव्यातल्या राष्ट्रीय अकादमीत कितीतरी आधीपासून चालली होती. तरी तिन्ही सामने हरले; नऊ गोल खाल्ले आणि कोलंबियाविरुद्ध एकच केला. विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. खेळाडू घडवण्याचं काम असं सावकाशीचं.

गावाला एवढा धीर कुठला? दिवाळीत धाकटा घरी आला, तेव्हा वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी जोरात होती. तरी संध्याकाळी त्याचा खेळ बघायला माणसं जमली. आता पोरगा काय काय करामती दाखवतो! पोरगा बॉल आला की एका स्पर्शात शेजारच्याला देऊन मोकळा.

"पुण्याले जाऊन बॉल वाटाले शिकला का बे?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

थोरला हसला नाही. त्याला भलतंच दिसत होतं. बॉल पायाशी येण्याआधी धाकट्याची मान दरवेळी खांद्यावरून मागे वळत होती.

"मांगं काय पाह्यतं रे?" त्याने रात्री विचारलं.

"कोण कुठं उभा हाय ते, दादा. बॉल आल्यावर टाइम नाही भेटत." धाकट्याने सरावाची रीतही सांगितली. एकाने पाठीमागे उभं राहून बोटं दाखवायची. बॉल पोचायच्या आत मान वळवून आकडा सांगायचा.

थोरल्याचं चाचणीचं वय सरलं होतं. धाकटा परत गेल्यावर त्याने बारकी पोरं गोळा केली आणि रोज संध्याकाळी ओरडायला लागला, "मांगं किती बोटं?" आकडा चुकला की बॉल दुसऱ्याला. पारावरची माणसं म्हणाली, "हे फुटबॉल हाय का अंकगणित?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. अंधार पडायच्या आधी 800 मीटरही पळवायचा.

पुढच्या चाचणीला तो पाच पोरं आणि एक पोरगी घेऊन यवतमाळला गेला. पळणं, उड्या, फेकणं, सगळं आटोपलं. अधिकारी कागद गोळा करायला लागले, तसा तो बॉल घेऊन पुढे झाला.

"साहेब, दहा मिनिटं यायले खेळतानाही पाहून घ्या ना."